पहिल्या वर्षाची खोट आणि प्रवेशाची दारे

मे आणि जून या दोन महिन्यांत लातूरच्या गंजगोलाईत आणि नांदेडच्या वजिराबादेत तूर, सोयाबीन व कापडाच्या भावाइतकीच चर्चा गुणांची चालते. दहावी-बारावीचे निकाल उघडपणे बोलले जातात. पेढे वाटले जातात, अभिनंदनाचे फलक लागतात. एक निकाल मात्र दबक्या आवाजातच घरात येतो. तो असतो नववीत किंवा अकरावीत घसरलेल्या मुलामुलींचा. आठवीपर्यंत वर्गात पहिल्या पाचांत असणारा मुलगा नववीत पन्नास टक्क्यांच्या आत येतो. दहावीला नव्वद टक्के मिळवून वसतिगृहात राहायला गेलेली मुलगी अकरावीच्या पहिल्या चाचणीत भौतिकशास्त्रात काठावर उत्तीर्ण होते.

अशा वेळी व्यापारी कुटुंबांत साधारणपणे तीन सूर उमटतात. पहिला सूर असा की, घरची गादी आहे, मुलाला दुकानात बसवावे. दुसरा असा की, लागतील तेवढे पैसे भरून कुठेतरी जागा घ्यावी. तिसरा सूर बहुधा मुलीच्या वाट्याला येतो. तिला जवळच्या महाविद्यालयात बी.कॉम. करू द्यावे आणि स्थळे पाहायला सुरुवात करावी. तिन्ही सूर प्रेमापोटीच निघतात. परंतु तिन्हींच्या मुळाशी एकच गृहीत असते, ते म्हणजे सुरुवात बिघडली की नामांकित विद्यापीठाचे दार कायमचे बंद झाले.

हे गृहीत तपासून घेण्याजोगे आहे. दुकानातला साधा माणूसही उधारी देण्यापूर्वी समोरच्याची खातेवही पाहतो. एखाद्या महिन्याच्या खोटीवरून तो माणूस पारखत नाही. मुलाच्या चार वर्षांच्या खात्याकडे मात्र पहिल्या पानावरच पाहणे थांबते. वास्तविक उच्च शिक्षणाचे प्रत्येक दार या खात्याचे निराळे पान उघडते. काही दारे शेवटचेच पान पाहतात, काही कोणतेच पान न पाहता स्वतःची परीक्षा घेतात, तर काही पहिल्यापासून सर्व पाने चाळतात. आपल्या पाल्यासमोर यांपैकी कोणते दार आहे, हे अकरावीच्या आत कळले तर बरेच काही सावरता येते. बारावीच्या निकालानंतर कळले तर फार थोडे.

सुरुवात का बिघडते

दुरुस्तीपूर्वी कारण शोधावे लागते. मराठवाड्यात या घसरणीचे सर्वांत मोठे कारण भाषेचे माध्यम हे आहे. मराठी किंवा सेमी-इंग्रजी माध्यमातून दहावी झालेला विद्यार्थी अकरावी विज्ञानात येतो, तेव्हा विषय कठीण होतो आणि त्याच दिवशी भाषाही बदलते. जीवशास्त्रातील ज्या संकल्पना तो मराठीत सहज सांगू शकतो, त्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात त्याला परक्या वाटतात. पहिले सहा महिने भाषेशी झगडण्यात जातात आणि गुणपत्रिका त्याला ‘विषयात कच्चा’ ठरवते.

दुसरे कारण स्थलांतराचे. उदगीर, अहमदपूर, निलंगा, देगलूर, मुखेड, किनवट अशा गावांतील मुले पंधरा-सोळाव्या वर्षी लातूर किंवा नांदेडच्या वसतिगृहात राहू लागतात. गावात पहिला येणारा मुलगा येथे शेकडो ‘पहिल्यां’मध्ये जाऊन बसतो. घरचे जेवण नाही, बोलायला कुणी नाही आणि दर आठवड्याला भिंतीवर लागणारी चाचणीची यादी आहे. तिसरे कारण घरातलेच असते. आजारपण, वाटणी, दुकानातील मंदी, हंगामात मुलाने गल्ल्यावर बसण्याची अपेक्षा. चौथे कारण चुकीच्या शाखेचे. ज्याचा कल हिशेब, अर्थकारण किंवा भाषेकडे आहे, त्याला केवळ दहावीचे गुण चांगले आहेत म्हणून विज्ञानात घातले जाते.

या चार कारणांचे उपाय चार वेगवेगळे आहेत. भाषेची अडचण सहा महिन्यांच्या नेमक्या मेहनतीने सुटते, शाखेची चूक शाखा बदलूनच सुटते आणि एकाकीपणा शिकवणी वाढवून सुटत नाही. कारण न शोधता आणखी एक शिकवणी लावणे म्हणजे ताप कशाचा हे न पाहता औषध दुप्पट करण्यासारखे आहे.

दाराचे नियम बदलत आले आहेत

प्रवेशाचा नियम बदलला की विद्यार्थ्यांचे भवितव्य कसे बदलते, हे लातूरइतके दुसऱ्या कोणत्याही गावाने जवळून पाहिलेले नाही. १९७० मध्ये राजर्षी शाहू महाविद्यालय स्थापन झाले. त्याआधी १९६१ मध्ये दयानंद शिक्षण संस्था उभी राहिली होती. १९८२ मध्ये लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. पुढील काही वर्षांत येथील शिक्षकांनी नियमित चाचण्या, प्रश्नपत्रिकांचा भरपूर सराव आणि प्रत्येक उत्तरपत्रिकेचे विश्लेषण अशी शिस्त बसवली. बोर्डाच्या गुणवत्ता यादीत त्याची फळे दिसू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्द राज्यभर रूढ झाला. त्या काळात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत, म्हणून सारी शक्ती बारावीवर लावली जाई. पुढे राज्याची सामाईक प्रवेश परीक्षा आली, नंतर ‘नीट’ आली. पद्धत तीच राहिली, लक्ष्य मात्र बदलले.

बारावीच्या गुणांचे वजनही स्थिर राहिलेले नाही. २०१३ ते २०१६ या काळात ‘जेईई मेन’च्या गुणानुक्रमात बारावीच्या गुणांना ४० टक्के वजन होते; २०१७ पासून ते काढून टाकण्यात आले. मराठवाड्यातील पालकांना अधिक जवळचे उदाहरण ७०:३० सूत्राचे आहे. राज्यातील वैद्यकीय महाविद्यालयांत ७० टक्के जागा त्या त्या विभागातील विद्यार्थ्यांना आणि ३० टक्के उर्वरित राज्याला अशी विभागणी होती. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, त्यामुळे येथील विद्यार्थ्याला चांगले गुण असूनही जागा अपुऱ्या पडत. सप्टेंबर २०२० मध्ये हे सूत्र रद्द झाले आणि येथील विद्यार्थ्याला मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांची दारे समान पातळीवर खुली झाली. विद्यार्थी तेच, गुण तेच, परंतु दाराचा नियम बदलताच निकाल बदलला. म्हणूनच नियमाची माहिती असणे हा अभ्यासाचाच एक भाग मानावा लागतो.

कोणते दार कोणते पान पाहते

पहिला गट स्वतःची परीक्षा घेणाऱ्या संस्थांचा. व्यापारी कुटुंबांच्या दृष्टीने यातील सर्वांत मोठा बदल २०२२ मध्ये झाला. त्याआधी दिल्ली विद्यापीठात बारावीच्या टक्केवारीवर प्रवेश मिळे आणि २०२१ मध्ये श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्ससह काही महाविद्यालयांच्या पहिल्या यादीतील सीमारेषा काही विषयांत चक्क १०० टक्क्यांवर गेली होती. लातूर-नांदेडच्या वाणिज्य शाखेतील मुलाने तेथे अर्ज करण्याचा विचारही मनात आणू नये, अशीच ती स्थिती होती. २०२२ पासून ‘सीयूईटी’ ही केंद्रीय विद्यापीठांची सामाईक परीक्षा सुरू झाली. दिल्ली विद्यापीठात आता बारावी उत्तीर्ण असणे पुरते. प्रवेश या परीक्षेतील गुणांवर होतो आणि दोघांचे गुण समान झाले तरच बारावीच्या गुणांकडे पाहिले जाते. नववी आणि अकरावीचे गुण तेथे कोणी विचारत नाही.

ही परीक्षा मराठीसह १३ भाषांत देता येते, ही बाब अनेक पालकांना ठाऊक नसते. २०२५ पासूनच्या रचनेनुसार विद्यार्थ्याला जास्तीत जास्त ५ विषय निवडता येतात. प्रत्येक विषयात ५० प्रश्न, ६० मिनिटे, बरोबर उत्तराला ५ गुण आणि चुकीच्या उत्तराला १ गुण वजा. विषयांचा अभ्यासक्रम एनसीईआरटीच्या बारावीच्या पुस्तकांवर आधारलेला आहे. महाराष्ट्र मंडळाचे पुस्तपालन आणि एनसीईआरटीचे लेखाशास्त्र यांत क्रम आणि भर वेगळा आहे, म्हणून मंडळाच्या पुस्तकावर विसंबून चालत नाही. विषयनिवडीतही दक्षता हवी. अर्थशास्त्राच्या ऑनर्स पदवीसाठी गणित लागते. अकरावीत ‘गणित नको’ म्हणून चिटणिसाची कार्यपद्धती घेतलेल्या वाणिज्य विद्यार्थ्याला हे दार बारावीनंतर बंद झालेले आढळते. येथे अडचण कमी गुणांची नसते, दोन वर्षांपूर्वी निवडलेल्या विषयाची असते.

दुसरा गट उंबरठा ठेवणाऱ्या परीक्षांचा. ‘नीट’साठी खुल्या प्रवर्गातील विद्यार्थ्याला बारावीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र मिळून ५० टक्के लागतात. राज्यातील अभियांत्रिकी प्रवेशासाठी संबंधित विषयांत ४५ टक्के लागतात. आयआयटी आणि एनआयटीची अट अधिक कडक आहे. तेथे खुल्या प्रवर्गाला बारावीत ७५ टक्के किंवा आपल्या मंडळातील पहिल्या २० शतमकात स्थान आवश्यक असते. उंबरठा ओलांडला की पुढे केवळ प्रवेश परीक्षेचे गुण बोलतात. अकरावीत ५० टक्के मिळालेल्या विद्यार्थ्यालाही ही दारे खुली असतात. फक्त एक गोष्ट ध्यानात ठेवावी की, या परीक्षांच्या अभ्यासक्रमाचा मोठा भाग अकरावीचाच असतो. अकरावीचे गुण कोणी विचारत नाही, अकरावीचे ज्ञान मात्र प्रत्येक प्रश्नात विचारले जाते.

तिसरा गट वळणाच्या रस्त्यांचा आहे आणि त्याची उपेक्षा फार होते. दहावीत गुण कमी मिळालेला, परंतु हाताने काम करण्यात रमणारा विद्यार्थी लातूरच्या पुरणमल लाहोटी शासकीय तंत्रनिकेतनासारख्या संस्थेत तीन वर्षांची पदविका करू शकतो. त्यानंतर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो आणि तेथील गुणवत्ता यादी पदविकेच्या गुणांवर लागते. नांदेडची श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था १९८१ पासून आपल्या दाराशी उभी आहे. तिचा रस्ता फक्त बारावीतूनच जातो असे नाही. आयआयटी मद्रासने २०२० मध्ये सुरू केलेल्या डेटा सायन्सच्या ऑनलाइन पदवी अभ्यासक्रमाला ‘जेईई’ची अट नाही. पात्रता टप्प्यात काही आठवडे शिकवले जाते, त्यावर परीक्षा घेतली जाते आणि उत्तीर्ण होणाऱ्याला प्रवेश मिळतो. वाणिज्य शाखेचा विद्यार्थीही, दहावीत गणित व इंग्रजी शिकलेला असल्यास, ही पात्रता परीक्षा देऊ शकतो. सनदी लेखापालाची वाटही याच स्वभावाची आहे. बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला फाउंडेशन परीक्षा देता येते. चार विषयांत प्रत्येकी किमान ४० गुण आणि एकूण ५० टक्के लागतात, आणि २०२४ पासून ही परीक्षा वर्षातून तीनदा होते. तेथे मागचे गुण कुणी मोजत नाही.

चौथा गट सर्व पाने चाळणाऱ्यांचा. अमेरिकेतील बहुतेक निवडक विद्यापीठे नववी ते बारावी अशा चारही वर्षांच्या गुणपत्रिका मागतात. सोबत निबंध, शिक्षकांची शिफारसपत्रे आणि शाळेबाहेरील कामाची माहिती मागतात. सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या भारतातील काही खासगी संस्थाही निबंध, चाचणी आणि मुलाखतीतून विद्यार्थी समजून घेतात. येथे नववीची खोट लपत नाही. परंतु येथेच तिचे स्पष्टीकरण देण्याची आणि पुढची वाढ दाखवण्याची संधीही मिळते.

एक कटू गोष्टही सांगितली पाहिजे. काही दारे पुढे, बऱ्याच वर्षांनी, मागे वळून पाहतात. आयआयएम अहमदाबादसारख्या संस्था ‘कॅट’नंतर मुलाखतीसाठी निवड करताना दहावी आणि बारावीचे गुणही मोजतात. तेव्हा कमकुवत दहावीची किंमत शून्य असते, असे म्हणणे पालकांची फसवणूक ठरेल. ती किंमत काही ठिकाणी द्यावी लागते आणि पुष्कळ ठिकाणी द्यावी लागत नाही, इतकेच खरे आहे.

सरासरी सारखी, दिशा वेगळी

समजा, दोन विद्यार्थ्यांची नववी ते बारावीची टक्केवारी अशी आहे. पहिल्याची ४८, ५८, ७१ आणि ८३. दुसऱ्याची ८३, ७१, ५८ आणि ४८. दोघांची सरासरी ६५ टक्केच येते. परंतु कर्जाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्यापुढे हे दोन ताळेबंद ठेवले, तर तो दोघांना एकाच पारड्यात तोलणार नाही. पहिला धंदा सावरत गेला आहे, दुसरा बुडत चालला आहे. विद्यार्थ्याची सर्व वर्षे पाहणारी विद्यापीठेही याच नजरेने वाचतात. पहिला विद्यार्थी पडला, कारण ओळखून उठला आणि कठीण होत जाणाऱ्या अभ्यासक्रमात वर चढला. नव्या शहरात आणि नव्या भाषेत पदवीचे पहिले सत्र कोसळले तर तो काय करील, याचा पुरावा त्याच्या खात्यातच आहे.

मात्र ही चढण वेळेवर सुरू झालेली दिसली पाहिजे. परदेशी विद्यापीठांचे अर्ज बारावीच्या वर्षातच, साधारणपणे नोव्हेंबर ते जानेवारीच्या सुमारास जातात. त्या वेळी बोर्डाचा निकाल हाती नसतो; नववी, दहावी, अकरावी आणि बारावीच्या सहामाहीचे गुणच पाठवावे लागतात. ‘बारावीत दाखवून देईन’ असे म्हणणारा विद्यार्थी या गटासाठी उशीर करतो. त्याची चढण अकरावीच्या वार्षिक परीक्षेपर्यंत कागदावर आलेली असावी लागते.

खोटीविषयी काय लिहावे

अर्जात कमी गुणांविषयी लिहिण्यासाठी बहुधा स्वतंत्र जागा असते. तिचा उपयोग थोडक्यात आणि खरेपणाने करावा. काय घडले, त्याचा कोणत्या काळात परिणाम झाला, विद्यार्थ्याने कोणते पाऊल उचलले आणि त्यानंतर गुणांत काय फरक पडला, या चार गोष्टी पाच-सहा वाक्यांत मावतात. ‘दहावीपर्यंत मराठी माध्यम होते. अकरावीत इंग्रजी आली. रोज दोन पाने स्वतःच्या शब्दांत इंग्रजीत लिहिण्याचा नेम ठेवला. पहिल्या सत्रात ५२ आणि वार्षिक परीक्षेत ६९ टक्के मिळाले,’ अशा साध्या मजकुरात जे वजन आहे, ते शिक्षकांना किंवा शाळेला दोष देणाऱ्या दोन पानांत नसते. हा मजकूर विद्यार्थ्याने स्वतः लिहावा. पैसे देऊन लिहून घेतलेला निबंध आणि मुलाखतीत बोलणारा मुलगा यांच्यातील अंतर अनुभवी परीक्षकाच्या लगेच लक्षात येते.

कागदपत्रांची काळजी नववीपासूनच घ्यावी. नववी आणि अकरावीचे निकाल शाळा-महाविद्यालयाच्या पातळीवरचे असतात. ते हरवले तर सहजासहजी पुन्हा मिळत नाहीत. शिक्का-सहीसह प्रती जपून ठेवाव्यात. नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव यांची इंग्रजी अक्षरे दहावीचे प्रमाणपत्र, आधार आणि पासपोर्ट यांत एकसारखी असावीत. जैन समाजाला २७ जानेवारी २०१४ रोजी राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला आणि राज्यात जैन अल्पसंख्याक दर्जाच्या महाविद्यालयांत समाजातील विद्यार्थ्यांसाठी जागा राखीव असतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर धर्माची नोंद नेमकी कशी आहे, हे वेळीच पाहून घ्यावे. अर्थात या सवलतीने प्रवेश मिळेल; पुढचा अभ्यास ज्याचा त्यालाच करावा लागेल.

दुरुस्तीची दोन वर्षे

घसरण नववीत झाली असेल, तर हाती तीन वर्षे असतात. अकरावीच्या सहामाहीत झाली असेल, तर सव्वा वर्ष. दोन्हींत पहिले काम चुकांची नोंद ठेवण्याचे आहे. लातूरच्या जुन्या शिक्षकांच्या पद्धतीतले खरे सोने चाचण्यांच्या संख्येपेक्षा चाचणीनंतरच्या तपासणीत होते. कोणता प्रश्न चुकला, तो न समजल्यामुळे चुकला, घाईत चुकला की वाचताना अर्थच लागला नाही, अशी वर्गवारी करून एका वहीत लिहिली, तर दोन महिन्यांत आजाराचे नाव कळते. रोजकीर्द लिहिणाऱ्या घरात ही सवय लावणे अवघड नसावे.

दुसरे काम मागील वर्षाचा पाया भरून काढण्याचे. ज्याची नववीची बीजगणिताची समीकरणे कच्ची आहेत, त्याला अकरावीच्या भौतिकशास्त्राची शिकवणी उपयोगी पडत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीतील सहा आठवडे मागच्या इयत्तेच्या पुस्तकाला दिले, तर तो वेळ वाया जात नाही. तिसरे काम घराने करायचे आहे. हंगामात किंवा सणासुदीत मुलाला दुकानात बोलवायचे की नाही, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवावे आणि पाळावे. दुकानातले काम वाईट नाही. गल्ला सांभाळणारा, जीएसटीचे बिल समजणारा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या मुलाखतीत इतरांपेक्षा जिवंत उत्तर देऊ शकतो. परंतु ते काम अभ्यासाच्या वेळेतून कापून घेतलेले नसावे.

इतके करूनही बोर्डात गुण कमी पडले, तर मंडळाची श्रेणीसुधार योजना आहे. उत्तीर्ण विद्यार्थ्याला पुन्हा परीक्षा देऊन गुण वाढवता येतात. अनुत्तीर्ण विद्यार्थ्यासाठी पुरवणी परीक्षा असते. एक वर्ष थांबून पुन्हा प्रवेश परीक्षा देण्याचा मार्ग लातूर-नांदेडला नवा नाही. त्यात लाज नाही, पण सीमा असावी. पहिल्या प्रयत्नात काय कमी पडले हे लिहून काढता येत असेल आणि मुलाची स्वतःची इच्छा असेल, तर एक वर्ष देणे योग्य. केवळ नातेवाईकांत शब्द राहावा म्हणून दुसरे आणि तिसरे वर्ष देणे म्हणजे बुडीत खात्यात नवे भांडवल ओतणे होय. अशा काळात मुलाची झोप, भूक आणि बोलणे कमी झाले, तर अभ्यासाच्या आधी त्याच्याकडे पाहावे आणि गरज असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पैशाचा प्रश्न

‘पैसे भरून जागा घेऊ’ हा सूर सुखवस्तू घरांत लवकर निघतो. कॅपिटेशन शुल्क घेण्यास महाराष्ट्रात १९८७ च्या कायद्याने बंदी आहे, हे प्रथम लक्षात घ्यावे. व्यवस्थापन कोट्याची अधिकृत जागा वेगळी. पण तिच्यासाठी मोजलेली रक्कम मुलाचा कच्चा पाया भरून काढत नाही. ती रक्कम आणि पायाभरणीचे एक वर्ष यांची तुलना कागदावर मांडून पाहावी.

गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर भांडवलाची सोय आज पूर्वीपेक्षा सुकर आहे. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ४ लाख रुपयांपर्यंत तारण किंवा त्रयस्थ जामीन लागत नाही. पालक सहकर्जदार असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पीएम-विद्यालक्ष्मी योजनेला मंजुरी दिली. तिच्यात निवडक दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याला तारण आणि जामीन यांशिवाय कर्ज मिळू शकते. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला ८ लाख रुपयांपर्यंत असेल, तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याजसवलतीची तरतूद आहे. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशाला ही योजना लागू नाही. येथे बँक नववीचे गुण पाहत नाही. संस्था कोणती आणि प्रवेश कसा मिळाला, हे पाहते. ऐपत असली तरी कर्जाचा काही भाग मुलाच्या नावे ठेवावा, असे अनेक जाणकार सुचवतात. जुन्या करप्रणालीत व्याजाची वजावट आठ वर्षांपर्यंत मिळते, शिवाय मुलाला आपल्या शिक्षणाची किंमत कळते.

नांदेडचे एक उदाहरण

या परिसराला दूरची उदाहरणे शोधण्याची गरज नाही. नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) हे मराठवाड्याच्या वैचारिक जीवनातील मोठे नाव. इतिहास, साहित्य, नाट्यशास्त्र, संगीत अशा अनेक विषयांवर त्यांनी अधिकाराने लिहिले आणि व्याख्याने दिली. हे कुरुंदकर इंटरमीजिएटच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झाले होते. पुढे त्यांनी शाळेत शिकवले, यथावकाश पदव्या पूर्ण केल्या आणि नांदेडच्या पीपल्स कॉलेजचे ते प्राचार्य झाले. या उदाहरणातून ‘नापास झाले तरी चालते’ असा अर्थ काढणे चुकीचे ठरेल. परीक्षेत अपयश येत असतानाही त्यांचे वाचन आणि विचार थांबले नव्हते, आणि या गावाने त्यांची जुनी गुणपत्रिका त्यांच्या गळ्यात बांधून ठेवली नाही. दोन्ही गोष्टी घडल्या, म्हणून नांदेडला कुरुंदकर मिळाले.

आजच्या कुटुंबाच्या हाती यांपैकी दुसरी गोष्ट तरी निश्चित आहे. घसरलेल्या मुलाची टक्केवारी लग्नसमारंभात किंवा चुलतभावासमोर उच्चारली जाऊ नये. मुलगा आणि मुलगी यांना सावरण्यासाठी दिलेला वेळ आणि पैसा सारखा असावा. भावाला दुसरी संधी आणि बहिणीला स्थळ, हा हिशेब बरोबर लागत नाही. आणि या सुट्टीत एखाद्या रविवारी आई-वडील व मूल यांनी एकत्र बसून तीन रकान्यांचा कागद तयार करावा. पहिल्या रकान्यात मुलाला आवडणारे चार-पाच अभ्यासक्रम, दुसऱ्यात ते दार कोणत्या वर्षाचे गुण आणि कोणता विषय मागते, तिसऱ्यात अर्जाची व परीक्षेची तारीख. माहिती त्या वर्षीच्या अधिकृत माहितीपुस्तिकेतूनच घ्यावी, कारण नियम दरवर्षी बदलतात. कागद भरून झाला की तो मुलाच्या हाती द्यावा आणि पुढचे अर्ज त्यालाच भरू द्यावेत.